आमच्या टँकचा खार

मित्र विचारतात, "मास्तर, तुमच्याकडे टँकचे इतके किस्से कसे?" मी काय जमवायला गेलो होतो का? रोज संध्याकाळी शाळा सुटली की जळगावच्या व्यायामशाळेत जायचो. तिथल्या पोहण्याच्या टँकचा मी बिनपगारी सेक्रेटरी. चार माणसं, एक टँक आणि सदा हट्टाला पेटलेला खार, एवढं एका जागी असलं की किस्से होतातच. विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत!

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. टँक नवा, पलस्तर कसं चंद्रासारखं. पण पाणी विहिरीचं आणि विहीर जळगावची! त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. वर्षभरात भिंतींवर पांढरा खार चढला तो थेट खडबडीत कातळासारखा. पोहणारा बाहेर आला की गुडघे सोललेले, कोपरं रक्ताळलेली.

टँकसमोर एका कंपाउंडरचं छोटं दुकान होतं. एकदा मी त्याला म्हटलं, "काळजी करू नका, आम्ही खार काढणार आहोत." तो बिचारा उभाच राहिला. "मास्तर, घाई काय आहे? आत्ताच तर मी टिंक्चर आयोडीनची मोठी ऑर्डर दिलीय!"

---

आमचे अध्यक्ष नानासाहेब वकील. त्यांनी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून सांगितलं, "उन्हाळ्याच्या आत हा खार निघाला नाही, तर टँक कापसाच्या जिनिंगवाल्यांना देऊन टाकू. सरकी साठवायला बरा आहे!" आणि ते बोलले की करणारे गृहस्थ.

आमच्याकडे झाडलोटीला अक्का होती, सावद्याकडची. वय पन्नाशीचं, बोलणं रोखठोक. ती म्हणाली, "पायाले घासतो ते वज्री घ्या ना. टाचीवरचं निघते, मंग भितीवरचं काहून नही निघणार?"

पटलं! बाजारातून चार डझन वज्र्या आणल्या. दुकानदार चक्रावला, "मास्तर, घरात माणसं किती?" व्यायामशाळेतले बारा पैलवान टँकात उतरवले. दोन दिवस घासाघीस चालली. तिसऱ्या दिवशी नानासाहेब पाहायला आले. भिंतीवर ताटाएवढी जागा साफ झाली होती. बाकी खार जागच्या जागी.

"मग दोन दिवस केलंत काय?" ते ओरडले.

एका पैलवानानं लाजत पाय वर केला. टाच अशी गुळगुळीत की नव्या नवरीलाही हेवा वाटावा!

---

मग चिंच. तांब्याचं भांडं चिंचेनं लख्ख होतं, तर टँक का नाही? धरणगावहून दोन पोती जुनी चिंच आली. पिंपात कोळली, भिंतींना लेप दिला. खार थोडा नरम पडला खरा, पण पांढऱ्या पलस्तरावर तपकिरी ओघळ उतरले ते उतरलेच. वर मुंग्या! अख्ख्या गल्लीतल्या काळ्या मुंग्या रांगा लावून टँकात.

नानासाहेब काठावर उभे राहून बराच वेळ खाली पाहत होते. मग मला म्हणाले, "मास्तर, आता थोडा गूळ आणि फोडणी तेवढी घाला. जेवायलाच बसू!"

---

शेवटी मी विज्ञानाचा मास्तर, माझी अक्कल पाजळली. सराफ बाजारातून तेजाब, म्हणजे ॲसिड, आणवलं. आमचे गवंडी आबा धुळ्याकडचे, अस्सल अहिराणी बोलणारे. त्यांना मी नीट बजावलं, "आबा, दहाला एक. कमी-जास्त नको."

"समजनं, भाऊ," आबा म्हणाले.

तासाभरानं शाळेत निरोप आला, टँकातून धूर निघतोय! धावत गेलो. पैलवान खोकत बाहेर पळालेले. भिंत सोडावॉटरसारखी फसफसत होती. सगळ्यांना लांब नेलं, बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. पण उत्तरेच्या भिंतीच्या विटा दिसायला लागल्या होत्या.

मी विचारलं, "आबा, दहाला एक सांगितलं होतं ना?"

"मंग! दहा बाटल्यासले एक तांब्या पानी टाकं ना मी!"

"अहो, उलटं! आता खाराचं काय?"

आबांनी शांतपणे भिंतीकडे पाहिलं. "खारनी चिंता सोडा, भाऊ. आता त्याले धराले पलस्तरच नही शे!"

चूक माझीच होती. 'दहा भाग पाणी' असं पुरतं सांगायला माझं तोंड दुखणार होतं का? ती भिंत आबांनी आठवडाभर खपून पुन्हा केली, आणि मी रोज त्यांच्या हाताखाली घमेली उचलली.

---

त्याच दुरुस्तीत एक लोखंडी घमेलं टँकाच्या तळाशी विसरलं. पाणी भरलं, आणि पंधरा दिवसांनी सफाईला उपसलं तर तळावर हा एवढा तांबूस डाग! कॉलेजची पोरं व्यायामाला यायची. त्यातला एक ओरडला, "अरे, हा तर संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा!"

दिवस चळवळीचे. तासाभरात गर्दी. लोक खाली वाकून आपापला जिल्हा शोधू लागले. नानासाहेब सत्ताधारी पक्षाचे. त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं, "लिंबू-मीठ लावा, काहीही करा, पण तो नकाशा पुसा!" पोरांना कुणकुण लागली. "नकाशाला हात लावाल तर याद राखा!" पुसला तर पोरं चिडणार, ठेवला तर पक्ष.

एवढ्यात आबा म्हणाले, "पन यामा मुंबई कोठे शे?"

खरंच! मुंबईच्या जागी पलस्तर कोरं. पोरांचे चेहरे पडले. नानासाहेबांचा जीव भांड्यात पडला. "बघा! म्हणजे हा तो नकाशाच नव्हे. राहू द्या डाग." टँक पुन्हा भरला.

पुढच्या सफाईला पाणी उपसलं, तर मुंबईच्या नेमक्या जागी एक गंजका खिळा, आणि त्याच्याभोवती टपोरा तांबूस ठिपका! दिल्लीवाल्यांच्या कितीतरी आधी आमच्या टँकात मुंबई महाराष्ट्राला मिळाली!

खिळा कुणी टाकला, कळलं नाही. फक्त अक्का सांगते, त्या दिवसांत नानासाहेबांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशाला गंजाचा डाग होता.

---

खार शेवटी अक्कानंच जिंकला. तिच्या ध्यानात आलं की ओला असेपर्यंत तो खरवडून निघतो, वाळला की हाड होतो. टँक उपसताना पाणी जसजसं उतरे, तसतशी ती एकेक पायरी उतरत नारळाच्या करवंटीनं काठ खरवडत जाई. एकही सफाई चुकली नाही. सरकीचा विषय नानासाहेबांनी पुन्हा काढला नाही. तळावरचे जुने डाग मात्र राहिले. अक्कानं त्यांना नावं दिली होती. एक घोडा, एक खरखरीत कढई. आणि एक, कितीही घासला तरी न हलणारा, त्याचं नाव सासू!

एका मे महिन्यात धुळ्याचा एक तरुण आमच्याकडे पोहायला आला. नुकतं लग्न झालेलं. पाण्यात त्याच्या बोटातली अंगठी निसटली. सासऱ्यांनी दिलेली, आणि त्याच संध्याकाळी पिंप्राळ्यात सासऱ्यांकडेच जेवण! पाणी हिरवट, तळ दिसेना. सहा जणांनी बुड्या मारल्या, हाती काही नाही. विहीर तळाला गेलेली. टँक उपसला असता तर पावसाळ्यापर्यंत बंद. तो पोरगा रडायच्या बेताला आला होता.

अक्का झाडू ठेवून काठावर आली. "भाऊ, कठी व्हता तू तव्हा?"

"पायऱ्यांपासून दोन हात मारले होते, अक्का."

"मंग तठी काय शोधतो? तठून उतार हाये कढईकडे. हाताले खरखर लागली की थांबजो. तेच कढई. तिच्या डाव्या कानापाशी पाह्य."

पहिल्या बुडीत खरखर लागली. दुसऱ्या बुडीत तो वर आला तो मूठ उंच धरूनच! काठावर टाळ्यांचा कडकडाट. त्यानं ओलेत्यानंच अक्काच्या पायांना हात लावला.

नानासाहेब भारावले. "अक्का, माग, काय हवं ते माग!"

अक्का म्हणाली, "आठ वरसं झाले, मी ह्या रिकाम्या टाकीतच उतरते. एकडाव पाणी असताना उतरू द्या."

नानासाहेबांनी सगळ्या पुरुषांना पाठ फिरवून उभं केलं आणि स्वतःही फिरले. आमच्यामागे लुगड्याचा कासोटा घट्ट झाल्याची सळसळ ऐकू आली. मग पाण्याचा आवाज. एक पायरी, दुसरी, तिसरी, चौथी. मग बराच वेळ काहीच नाही. मला भीती वाटायला लागली.

"अक्का," मी पाठमोऱ्यानंच विचारलं, "कसं वाटतंय?"

"थांबा ना मास्तर!" अक्काचा आवाज आला. "पायाले लागतंय... अरे मेलं, अठी राह्यलाच की थोडा खार!"