आत्याचा शनी

शनी ग्रहाची जेवढी बाजू माझ्या आत्याने घेतली, तेवढी तिने सख्ख्या भावाची, म्हणजे माझ्या वडिलांचीही कधी घेतली नाही. राजूरला ती शाळेत शिकवायची. बाजारात कुणी 'साडेसाती लागलीय' म्हणालं, की ही पिशवी खाली ठेवून भांडायला उभी. "अरे, त्याला पाय ठेवायला जमीन न्हाई, सगळा वायूचा गोळा! तो तुझ्या राशीला कुठनं बसंल?" आकाराच्या मानाने तो इतका हलका, की पाण्यावर तरंगेल, पण त्याला भंडारदऱ्याचं धरण पुरणार नाही, याचं तिला खरोखर वाईट वाटे. गरगर फिरून तो वरखाली चपटा झालाय, हे ती नाचणीच्या पिठाचा उंडा दाबून दाखवायची. त्या उंड्याची भाकरी कधी गोल झाली नाही. त्याचं एक वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचं. त्या मापाने आत्याला तिसरं लागलेलं. गुडघे दुखले की म्हणायची, "तिसऱ्या वर्षी एवढं चालतंय हेच लई."

एवढा जिव्हाळा, पण शनी तिने पाहिला होता एकदाच. लग्नाच्या पहिल्या वर्षी नगरला कुणीतरी दुर्बीण लावली होती. रांगेत आत्या पुढे, तिचे यजमान, आमचे आतोबा, मागे. आत्याने डोळा लावला तो काढीचना. ती बाजूला झाली तेव्हा ढग आला होता. आतोबांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त जेवताना मधूनच विचारायचे, "व्हय गं, कसा हुता?" मग आत्या सांगत बसे. कडी बर्फाच्या आणि दगडांच्या तुकड्यांची, रुंदीला हजारो कोस, पण जाडी कुठे कुठे आपल्या घराएवढीच. दर खेपेला काहीतरी नवं निघे. ते ती पुस्तकांतून वाचून जमवते, हे मला फार उशिरा कळलं.

दोन वर्षांपूर्वी आतोबा गेले आणि आत्या शनीचं नाव काढेनाशी झाली. मला ते बघवेना. मी सुप्याला कारखान्यात असतो. यंदा दिवाळीनंतर तिथल्या मित्राची दुर्बीण मागून घेतली, अकोले स्टँडपासून जीपमध्ये मांडीवर धरून नेली आणि दिवेलागणीनंतर तिच्या अंगणात लावली.

"मी पाह्यलाय रे एकदा," ती म्हणाली. मग पदर खोचून वाकलीच.

यंदा शनीची कडी आपल्याकडे काठाने वळलेली. ताट डोळ्यांसमोर आडवं धरावं, तशी नुसती रेघ दिसते. मी ओशाळून म्हणालो, "आत्या, नीट दिसायला अजून काही वर्षं लागतील."

तिने हातानेच मला गप्प केलं. बराच वेळ बघत राहिली. मग डोळा न काढता म्हणाली, "एवढा बारीक हुतो, हे त्यांना सांगायचं राह्यलंच."

दुर्बीण मी तिथेच ठेवून आलो. मित्राला अजून बोललेलो नाही. परवा फोनवर विचारलं, "कसा आहे शनी?"



"तू ये," आत्या म्हणाली. "फोनवर न्हाई सांगता येत."