मंडळातली बंदी

थोडा गांजा जवळ बाळगायला सूट द्यावी का, यावर परवा टीव्हीवर शिकलेली माणसं एकमेकांचं ऐकून न घेता भांडत होती. मी दुसरीतून शाळा सोडली, पण हा निकाल मी आमच्या भजनी मंडळात कवाच लावलाय.

आमचा पखवाजवाला माझ्याच वयाचा. मधल्या विश्रांतीत देवळामागं जाऊन चिलीम ओढायचा. मग असा वाजवायचा की पार येडशीहून त्याला बोलावणी यायची. पण पेटीवाल्याचा पोरगा पोलीस भरतीच्या तयारीला लागला, अन् पेटीवाल्याला धास्ती बसली. धाड पडली तर भजनातल्या सगळ्यांचीच नावं पोलिसांत जातील, म्हणाला.

टाळकरी म्हणाले, "थोडीच तर ओढतो."

"थोडी म्हंजी किती?" मी इचारलं. कुणाला सांगता येईना. मंडळाचा म्होरक्या मी. नशा करणाऱ्यानं वाद्याला हात लावायचा नाही, असं ठरवून टाकलं.

पखवाजवाल्यानं आवाज घुमावा म्हणून पखवाजाच्या डाव्या अंगाला लावलेली कणीक खरवडली, पखवाज फडक्यात बांधून माझ्यापुढं ठेवला.

"गड्या, तुझ्या गालात काय हाय?"

"तंबाखू. सरकारला चालती ती."

"मग भजन सरकारपुढं करतूस का देवापुढं?"

टाळकरी खाली बघून हसले. मी बाहेर जाऊन थुंकून आलो अन् म्हणालो, "बंदी सगळ्यांना." आता हसायची पाळी कुणाचीच नव्हती. पेटीवाला तर रोज संध्याकाळी काय घेऊन बसतो, हे गावाला ठाऊक होतं.

पुढच्या गुरुवारी पखवाजवाला आलाच नाही. टाळ एकीकडं, पेटी भलतीकडं. पाठ असलेला अभंग मी मधेच विसरलो, ते वयामुळं. बाया उठून सैपाकाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी पखवाज खांद्याला अडकवून मी त्याच्या घरी गेलो.

"बंदी उठली?" त्यानं इचारलं.

"न्हाय. मी शब्द फिरवत नसतो. विश्रांती तेवढी वाढवली. ज्यानं त्यानं आपापल्या घरी जाऊन यायचं. देवळामागं कुणी दिसायचं न्हाय."

"किती वाढवली?"

"थोडी."

त्यानं बायकोला कणीक मळायला सांगितली.

बंदी आजही कायम आहे. गुरुवारी कवाबी येऊन इचारा. फक्त विश्रांतीत येऊ नका, तवा देवळात कुणी नसतं.