कुंकू लागलेली पॉवर ऑफ ॲटर्नी

आधीच सांगून टाकते, चूक माझीच होती. पण कंपनीच्या कागदावर कोणी कुंकू लावेल हे डोक्यात तरी येतं का!

पनवेलला आमचं छोटंसं ऑफिस आहे. इथल्या कंपन्यांचे कागद परदेशात चालतील असे करून द्यायचे, एवढंच काम. आधी नोटरी, मग व्यापारी चेंबरचा शिक्का, मग दिल्लीहून मागच्या बाजूला एक स्टिकर चिकटून येतो. त्याला अपोस्टिल म्हणतात. तो दिसला की तिकडचं सरकार मानतं, कागद खरा आहे. मी प्रोबेशनवर. मॅडमनी पहिल्यांदाच अख्खी फाईल माझ्याकडे दिली.

"ही नीट गेली तर तू पक्की," त्या म्हणाल्या. "आणि नोटरी झाली की कागद क्लायंटच्या हातात द्यायचा नाही. फोटो पाठवायचा."

क्लायंट म्हणजे विचुंब्याचे एक काका. तळोज्यात त्यांची कंपनी, डायरेक्टर दोघंच, काका आणि काकू. मुलगी मस्कतला शाखा उघडणार होती, तिला सह्यांचे अधिकार देणारी ही पॉवर ऑफ ॲटर्नी. नोटरी झाली आणि काका म्हणाले, "पोरी, एकदा घरी दाखवतो गो. सकाली आणून देतो."

इतके गोड बोलले की दिली मी!

सकाळी फाईल उघडली. पहिल्या पानावर लालभडक स्वस्तिक, बाजूला हळदीची पाच बोटं, आणि नोटरीच्या गोल शिक्क्यावर दोन अक्षता चिकटलेल्या.

"काका, हे काय?"

"पूजा केली. नवीन गाडीला करतो, ही तर कंपनी हाय. तुमी नाय करत?"

मी खोडरबर मारलं. शिक्का गुलाबी झाला. घाबरून स्कॅन काढून नोटरींना पाठवला. ते आधी पोटभर हसले, मग म्हणाले, "हा कुठेच चालणार नाही. नवा करा, दोघांना सहीला आणा."

चारला दिल्लीचं कुरिअर निघणार. मॅडम बेलापूरला, साडेचारपर्यंत येणार नव्हत्या. म्हणजे चान्स होता!

नवा स्टॅम्प पेपर, नवी प्रिंट, काकांना नोटरींकडे बसवलं आणि रिक्षाने विचुंबे. काकू पडवीत सुके बोंबील मोडत होत्या. मी सगळं सांगितलं.

"मी नाय येणार," त्या म्हणाल्या. "देवापुढं ठेवलेला कागद तू रद्दीत टाकणार? माझ्या पोरीच्या कामाला अपशकुन नको."

"रद्दीत कशाला? त्याच्यावर रद्द लिहिते आणि तुमच्याच देव्हाऱ्यात ठेवा. तो देवाचा, दुसरा मस्कतचा."

काकूंनी बोंबील खाली ठेवला. "आन दुसऱ्याला कुंकू?"

"कुरिअरच्या पाकिटाला लावा ना! बाहेरून. हवं तेवढं!"

काकू हात धुऊन, कुंकवाचा करंडा घेऊनच रिक्षात बसल्या.

सही झाली, नोटरीचा आणि चेंबरचा शिक्का झाला, चारला पाच मिनिटं असताना पाकीट गेलं. कुरिअरवाला ते उलटसुलट करून म्हणाला, "ताई, पत्रिका आहे का कोणाची?"

मी खुर्चीत पसरले. मॅडम आल्या, दुसऱ्या कंपनीचे कागद स्कॅन करायला बसल्या. पहिलं पान. दुसरं. सातवं.

"प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात हा गुलाबी ठिपका कसला?"

मेले! स्कॅनरच्या काचेवर काकूंचं कुंकू! पोह्यांची हळद म्हणणार होते, पण हळद गुलाबी कुठे असते? सगळं ओकले. बोंबलांसकट.

मॅडमनी ठिपकेवाली पानं बाजूला सारली. "स्टिकर लागून आला तर बघू," त्या म्हणाल्या. "काच पूस."

पुढचे दिवस मी काच पुसत आणि ट्रॅकिंग बघत काढले. मग पाकीट आलं. मागे स्टिकर, सरळ, ऐटीत! न्यायला काकू स्वतः आल्या, करंडा घेऊन. मी फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरली, तर त्यांनी कुंकू माझ्याच कपाळाला लावलं.

संध्याकाळी मॅडमनी मला पक्कं केल्याचं पत्र स्कॅन करून मेल केलं. काच मी तीनदा पुसली होती, आईशप्पथ. तरी वरच्या कोपऱ्यात गुलाबी ठिपका आहेच.