उत्तर ऐकायला बसलेल्या बाई

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या एका गॅरेजमधली वेटिंग रूम. टीव्हीवर सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी सुचवलेल्या माणसाची नेमणुकीआधीची सुनावणी चालू होती आणि दोन गिऱ्हाइकं तावातावानं भांडत होती.

"राज्यघटना मुळात लिहिली तशीच वाचायची!"

"अहो, मुळातच खोट होती तिच्यात!"

माझ्या शेजारी एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई संत्रं सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "त्या मूळ घटनेच्या राज्यात माझी पणजी गुलाम होती. म्हणून विचारते, जरा गप्प बसता का? तो काय उत्तर देतोय ते मला ऐकायचंय."

दोघंही वरमले. मी हळूच विचारलं, "तुम्हाला हा न्यायाधीश हवाय की नकोय?"

"अजून ठरवलं नाही," संत्र्याच्या दोन फोडी माझ्या हातावर ठेवत त्या म्हणाल्या.

असं म्हणणारं माणूस मला इथे पुन्हा भेटलेलं नाही.