बाटलीभर रक्ताचं नातं

नळदुर्गात शरिफाबीकडून बांगड्या भरून घेतल्या नाहीत अशी बाई सापडणं कठीण. हात कितीही आडमुठा असो, ती तो असा काही दाबून धरायची की बांगडी मनगटावर कधी गेली ते कळायचं नाही. मात्र काम झालं, टोपली आवरली, की हटकून एक प्रश्न यायचा. "आमच्या आयुबची काय खबर? पाय दुखतुय का अजून?" बायका एकमेकींकडे बघून गालात हसायच्या. शरिफाबीला ते दिसायचं, पण विचारल्याशिवाय तिला राहवायचं नाही.

आयुब तिच्या खालाचा, म्हणजे मावशीचा मुलगा. दोघांचं लग्न लहानपणीच ठरलेलं. हैदराबाद राज्य मोडून आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराची ही गोष्ट. शरिफाला आई नव्हती. बाप मणेर, गावोगाव बांगड्या विकणारा, अबोल माणूस. "ईद झाली की निकाह उरकू," असं सायराखाला स्वतः येऊन त्याला सांगून गेली होती. आयुब सोलापूर-हैदराबाद ट्रकवर क्लीनर होता. एका पहाटे ट्रक पुलावरून ओढ्यात गेला आणि आयुबची मांडी फाळक्याखाली चेचली. सोलापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पोरगं पांढरंफटक पडलं होतं.

घरच्या कुणाचं तरी रक्त द्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले आणि घरच्यांची पांगापांग झाली. तेव्हा रक्त द्यायचं म्हणजे अर्धं आयुष्य काढून द्यायचं, असंच लोकांना वाटायचं. आयुबचा थोरला भाऊ सरदार जत्रेत कुस्त्या मारणारा गडी. "मला मागं हिवताप झाला व्हता," म्हणाला, चहा प्यायला म्हणून गेला आणि दिवेलागणीला उगवला. सायराखालाचं रक्त जुळलं नाही. शरिफा भाकरीचं गाठोडं घेऊन खालासोबत आली होती. तिनं बाही वर सारली. "माझं बघा की," म्हणाली.

जुळलं. बाटली भरली. ती बाटली आयुबच्या उशाशी टांगली तेव्हा शरिफा भिंतीला टेकून बघत बसली होती. त्याच्या ओठांवर हळूहळू रंग आला. इतका आनंद तिला पुढच्या आयुष्यात पुन्हा झाला नाही. निघताना डॉक्टरांनी तिलाच बजावलं, "हाडात पू धरायची भीती आहे. अधूनमधून दाखवायला आणा. आणि जड काम बंद." दुसऱ्या कुणाला सांगणार? खाला रडून बेजार, सरदारचा भरवसा नाही.

खालानं तिथल्या तिथं तिचे मुके घेतले. पण गावात आल्यावर गल्लीतल्या बायाबापड्यांनी डोकी लढवली. मुसलमानांत एकाच बाईचं दूध प्यालेल्या पोरापोरींचं लग्न लागत नाही, ती भावंडं होतात, हे सगळ्यांना ठाऊक. मग दुधानं एवढं होतं, तर रक्तानं किती होत असेल? दूध पाजणारी आई होते. पण शरिफा आयुबपेक्षा लहान, तिला आई कसं म्हणायचं? म्हणून बहीण ठरवली. मशिदीतल्या मौलवीसाहेबांनी कपाळावर हात मारला. तो नियम तान्ह्या लेकरांच्या दुधाचा, रक्ताला लागत नाही, असं त्यांनी खालाला समोर बसवून समजावलं.

"मौलवीसाब शिकलेले हाईत," खाला म्हणाली, "पन माझं मन घेत न्हाय. उद्या वंगाळ लेकरू झालं तर?"

ती ढोंग करत नव्हती. खरंच भ्याली होती, आणि भ्यालेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. राग येतो तो आयुबचा. एक शब्द बोलला असता तर आईचं काही चाललं नसतं. खाटेवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "अम्मी म्हनती तसं." पुढच्या वेळी शरिफा दूध घेऊन गेली तेव्हा त्यानं तिला "आपा" म्हणून हाक मारली. म्हणजे थोरली बहीण, ती वयानं लहान असूनही. तिच्या रक्तावर जगलेल्या माणसाला हे म्हणताना जीभ कशी रेटली, ते त्यालाच माहीत.

जळकोटच्या रजियाबीशी त्याचा निकाह झाला. नवरीच्या हातात बांगड्या भरायला शरिफाबीलाच बोलावणं आलं. तिनं भरल्या. एकही फुटू दिली नाही.

तिला मात्र पुन्हा स्थळ आलं नाही. रक्त दिलेली पोरगी, आतून पोकळ झालेली, हिला लेकरू काय होणार, असं लोक म्हणायचे. बाप गेला आणि बांगड्यांची टोपली तिच्या डोक्यावर आली.

आयुब वर्षभरात पुन्हा ट्रकवर चढला, पुढं ड्रायव्हर झाला. मांडीची जखम वरून भरायची, आतून ठणकायची. शरिफाबी आठवड्याच्या बाजाराहून येताना मुद्दाम त्याच्या दारावरून यायची. कधी कलेजी, कधी गूळ-शेंगदाणे आणायची आणि हटकून म्हणायची, "सोलापूरला जाऊन दाखवून या." आयुब हसायचा. "आपा, फिकर नका करू."

एकदा रजियाबीनं तिला दारातच अडवलं. "माझ्या नवऱ्याची तब्येत बघाया मी हाय न्हवं? तुमी कोन लागता त्याच्या?"

"बहीण लागते," शरिफाबी म्हणाली. "मी न्हाय म्हनत, तुज्या सासूनं ठरवलंय. आन् बहीण भावाची तब्येत इचारनारच. हाडात पू झाला तर पाय जाईल, एवढं ध्यानात ठेव."

"तोंडात वंगाळच येतं वो तुमच्या," म्हणत रजियाबीनं दार लावलं. कलेजी बाहेरच राहिली, ती कुत्र्यानं खाल्ली. तरी शरिफाबीनं विचारणं सोडलं नाही. दार बंद झालं तर गल्लीतल्या बायकांना विचारी. त्या माणसाच्या अंगात आपलं काहीतरी चालतंय, फिरतंय, एवढाच तिचा त्याच्यावर हक्क होता, आणि तो तिनं घट्ट धरून ठेवला होता.

पाच-सहा वर्षांनी व्हायचं तेच झालं. मांडी सुजली, ताप चढला, आणि सोलापूरला नेल्यावर पाय मांडीपासून कापावा लागला. कळताच शरिफाबी मिळेल त्या ट्रकनं तिथं पोचली आणि आधीसारखीच बाही वर सारून उभी राहिली. पण आता दवाखान्यात साठवलेल्या रक्ताच्या बाटल्या मिळत होत्या. "बाई, तुमचं नको. तुमच्याच अंगात रक्त नाही," असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं.

आयुब घरी आला तो कुबड्यांवर, पण आधाराशिवाय त्याला उठताही येईना. रजियाबी लेकरू घेऊन जळकोटला गेली ती परत यायचं नाव घेईना. शेवटी सोडचिठ्ठी झाली. मग एका दुपारी सायराखाला शरिफाबीच्या दारात आली. खूप दिवसांनी "बेटी" म्हणाली, तेव्हाच शरिफाबी सावध झाली.

"आयुबचं हागणं-मुतणं म्हातारीच्यानं व्हत न्हाय गं," खाला म्हणाली. "तू करून घे त्याला. निकाह लावू साधासुधा."

"खाला, मी तर बहीण हाय त्याची."

"आता कुटली बहीण?" खालानं हात उडवले. "तुजं रगत व्हतं ते त्या पायासंगं गेलं वाहून. वर समदं दवाखान्यातलं भरलंय, लोकांचं. आता त्याच्यात तुजा थेंब बी न्हाय. मी ईचार करूनच आले."

शरिफाबीचं सगळं तारुण्य ज्या बाटलीनं खाल्लं, ती बाटली या बाईनं चिमटीत धरून ओतून दिली होती, आणि तेही कामाला माणूस हवं म्हणून. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आवाज चढला नाही.

"थेंब बी न्हाय म्हनता?" ती म्हणाली. "मग त्यो माजा कोन? परक्या गड्याचं मी का म्हनून करू?"

खाला तळतळाट देत निघून गेली.

पुढल्या बाजारी वेशीजवळची रुद्रम्मा बांगड्या भरायला आली. हात पुढं करून ती आपणहूनच म्हणाली, "कळलं का, तुमच्या आयुबला पुन्ना ताप भरलाय म्हनं. दोन दिस पानी बी घेतलं न्हाय."

किती ताप, कधीपासून, डॉक्टरला दाखवलं का, सगळे प्रश्न शरिफाबीच्या ओठावर आले. जीव तुटत होता. तिनं रुद्रम्माचा हात दाबून धरला आणि कुठला रंग दाखवू, एवढंच विचारलं.