उभाच नेलेला झोका

सुमन गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मिरच्यांचे देठ खुडत होते. एरंडोलला आमच्या घरी फोन नाही. समोरच्या किराणा दुकानात येतो, आणि दुकानदार गल्ल्यावर बसूनच हाक मारतो. त्या दिवशी त्याने हाक मारली नाही, रस्ता ओलांडून ओट्यापाशी आला, तेव्हाच मी समजले. मधुकर माझा धाकटा भाऊ, आणि सुमन त्याची बायको. धुळ्याला सकाळी अंगण झाडता झाडता खाली बसली, ती उठली नाही. मी रडले नाही. हात तिखट झाले होते, डोळ्यांना लावता येत नव्हते. त्याला आता काही आठवडे झाले... आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, सजवून लिहिणं मला येत नाही. सुमनला तर अक्षरओळखही नव्हती, आणि सजवून सांगितलेलं तिला आवडतही नसे.

ती फार गुणी होती वगैरे मी म्हणणार नाही. हट्टी होती. भाकरी जाड करायची. मी थोरली नणंद, तेव्हा पहिली काही वर्षं तिला टोमणे मारण्यात मी कसूर केली नाही. ती उत्तर द्यायची नाही, हातातलं काम करत राहायची, आणि त्यामुळे मला जास्तच राग यायचा. बोलायची ते अहिराणीत, आणि एवढं थोडं की ऐकणाऱ्याला वाटावं, पुढचं काही राहून गेलं.

तेव्हा ते सगळे भडगावला होते. मधुकर कालव्याच्या ऑफिसात कारकून. साहेबांच्या वसाहतीत पोरांसाठी लोखंडी झोका आणि घसरगुंडी होती. मधुकरची उषी, चार-पाच वर्षांची, कुंपणाची तार धरून तिकडे बघत उभी राहायची आणि रखवालदार तिला हाकलायचा. गावातलं कापसाचं जुनं जिनिंग तेव्हा पाडत होते, तिथल्या तुळया मधुकरने आणल्या आणि मागच्या अंगणात सुतार बसवला. काय उभं राहिलं ते मी आखाजीला माहेरी आले तेव्हा पाहिलं. दोन्ही बाजूंना तिरपे जाड खांब, वर माणसाच्या मांडीएवढी तुळई, तिला साखळ्यांनी टांगलेला झोका. एका अंगाला शिडी, वर छोटा माचा आणि तिथून खाली फळ्यांची घसरगुंडी, तिच्यावर पत्रा ठोकलेला. वैशाखात तो पत्रा असा तापे की पोरं आधी बादलीभर पाणी ओतत आणि मग घसरत. घरापेक्षा हे धूड मोठं दिसायचं. शेजारी विचारायचे, "मधूभाऊ, राहतं घर कुठे बांधणार?" आमच्याकडे आखाजीला माहेरी आलेल्या लेकी निंबाला झोके बांधतात. त्या वर्षी आम्ही कोणी निंबाकडे गेलोच नाही. चार पोरांच्या आया झालेल्या आम्ही बाया त्या पोरांच्या झोक्यावर पाळीपाळीने बसलो, आणि उषी हातात काडी घेऊन मास्तरणीसारखी एकेकीला उतरवायची.

सातव्या वर्षी ती तापाने गेली. पावसाळा होता, ताप डोक्यात चढला, दवाखाना झाला, सगळं झालं. त्यावर आणखी लिहीत नाही. आठ-पंधरा दिवसांनी मधुकर तो झोका तोडायला निघाला तर घरात कुऱ्हाड सापडेना. सुमनने ती शेजारी नेऊन ठेवली होती. कुऱ्हाड कुठे आहे हे तिने सांगितलं नाही आणि झोका का तोडायचा नाही हेही सांगितलं नाही.

पुढच्या आखाजीला आई घागरी भरायला बसली. आखाजीला जशा लेकी माहेरी येतात, तसे घरातले गेलेलेही पाणी प्यायला येतात, म्हणून त्यांच्या नावाने पाण्याची घागर भरून तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या, आंबा ठेवतात. आजोबांची घागर झाली, वडिलांची झाली. सुमन तिसरी घागर घेऊन उभी होती. आई म्हणाली, लेकराची घागर भरत नाहीत, लेकरू कुठे अडकत नाही, सुटून जातं. सुमनने घागर पालथी घालून ठेवली आणि पुरण वाटायला बसली. दिवेलागणीला मी मागे गेले तर झोक्याच्या फळीवर पाण्याने भरलेला तांब्या होता. रिकामा झोका हलू देऊ नये असं आमच्याकडे मानतात, म्हणून तिने वजन ठेवलं असेल, असं मला वाटलं. पण तो तांब्या दुसऱ्या दिवशीही दिसला. मग रोजचाच झाला. सकाळी ती ते पाणी निंबाच्या बुडाशी ओतायची. कधी कधी पाणी कमी झालेलं असे. मी तिला सरळ सांगितलं, चिमण्या पितात, मी डोळ्यांनी पाहिलंय. ती म्हणाली, "पिऊ द्या."

आई गेली, आणि पुढे मधुकरची धुळ्याला बदली झाली. देवपुरात त्याने प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. सामान न्यायला ट्रॅक्टर-ट्रॉली आणली, मीही मदतीला गेले होते. भांडी, गाद्या, गव्हाची कोठी चढवून झाली आणि मग झोक्यावरून अडलं. मधुकर म्हणाला, इथेच राहू दे, कोणी जळणाला नेईल. सुमन म्हणाली, न्यायचा. बरं, सुतार बोल्ट सोडायला बसला तर ती खांबाला धरून उभी राहिली. घसरगुंडी काढा म्हणाली, पण झोका उभाच न्यायचा. सुतार हसला, ट्रॅक्टरवाला चिडला, रस्त्यात विजेच्या तारा आहेत म्हणाला. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, वेड लागलंय का तुला, लोक काय म्हणतील. तेव्हा ती माझ्याशी बोलली.

"अक्का, तिले नवं घर कसं सापडी?"

मी म्हटलं, कोणाला? आणि विचारता विचारताच मला कळलं...

"तिनी धुये देखेल नही," ती म्हणाली. धुळं तिने पाहिलेलं नाही. "हाऊ झोका उभा दिसना तर ती वळखी." उभा दिसला की ओळखेल.

मेलेल्या पोरीला पत्ता कशाला लागतो, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी स्वतः त्या घरची लेक. भडगावचं घर सुटलं तर माझं माहेर कुठे, हे मी त्या दिवसापर्यंत मनातसुद्धा आणलं नव्हतं. मीच जाऊन मधुकरला म्हटलं, उभाच चढव.

गल्लीतल्या सगळ्या पुरुषांनी मिळून तो ट्रॉलीत चढवला आणि चारही बाजूंनी दोर आवळले. निघताना धक्का बसला तसा झोका हलायला लागला, रिकामाच. ट्रॅक्टरवाला म्हणाला, साखळ्या वर गुंडाळून टाका. सुमन म्हणाली, गुंडाळायच्या नाहीत, आणि गाद्यांवरून चढून स्वतः फळीवर जाऊन बसली. भडगावपासून धुळ्यापर्यंत तशीच. डोक्यावर पदर, दोन्ही पाय गव्हाच्या कोठीला टेकवलेले. मधुकर बांबूने तारा उचलून धरत होता. पारोळ्याला चहाला थांबलो तर माणसं गोळा झाली, एकाने विचारलं, सर्कस कुठे लागणार? ट्रॅक्टरवाला म्हणाला, धुळ्याला, या बघायला. मी हसले, मधुकरही हसला. मग मी वर पाहिलं. सुमन फळीच्या एका टोकाला बसली होती. अर्धी फळी मोकळी. खड्डा आला की तिचा तोल जायचा. मी खालून म्हटलं, अगं मध्ये बस, पडशील.

"बरोबर बठेल शे मी," ती म्हणाली, आणि पलीकडच्या साखळीवरचा हात तिने काढला नाही. आपल्या बाजूची साखळी सोडून ती दुसऱ्या बाजूची धरून बसली होती. पाठीमागून हात टाकून, जवळ बसलेल्या पोराला धरावं तशी... त्यानंतर पुढच्या रस्त्यात मी वर पाहिलं नाही.

पुढच्या आखाजीला मी एकटीच बसने धुळ्याला आले. कॉलनी नवीन, वर्षभरात वाढलेली, सगळी घरं एकाच साच्यातली, अर्धी बांधलेली, दारावर नाव नाही की नंबर नाही. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. तीच गल्ली दोनदा फिरले, विचारावं तर कोणी कोणाला ओळखत नाही. पिशवी खाली ठेवून उभी राहिले आणि एका भिंतीवरून मला ती तुळई दिसली. मी आत गेले. सुमनने पाणी दिलं. "सापडनं ना घर?" म्हणाली. मी म्हटलं, झोका दिसला. मागच्या अंगणाकडे वळून तिने मान हलवली. तिकडे कोणी नव्हतं.

कॉलनीतली सगळी पोरं त्यावर वाढली. झोका कोणाचा, हे सुमनने कोणाला सांगितलं नाही. तिचा एकच नियम होता. शेवटी जो उतरेल त्याने साखळी हाताने धरून झोका थांबवायचा, मग घरी जायचं. पोरं मोठी होऊन कॉलेजात गेली, तरी अंगणात आली की जाता जाता साखळीला हात लावायची.

तिच्या तेराव्यानंतर मधुकरचा मुलगा दिलीप माझ्यापाशी येऊन बसला. शहाणा मुलगा आहे, वाकडं काही बोलला नाही. एका खांबाला वाळवी लागली आहे, कोणाच्या अंगावर पडायचा, आणि तिथे एक खोली निघते, म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, "तुझी आई या आखाजीला पहिल्यांदाच बाहेरून येणार आहे. आणि ती एकटी येणार नाही." तो बापाकडे बघायला लागला. मधुकर भिंतीला टेकून बसला होता. दुसऱ्या दिवशी तो डांबराचा डबा घेऊन आला आणि वाळवीच्या खांबाला स्वतः डांबर लावत बसला. एके काळी कुऱ्हाड शोधत होता तोच हा माणूस. खोलीचं बोलणं तिथेच राहिलं.

त्या संध्याकाळी घरात दिवा लागला, पण मागे तांब्या ठेवायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. वारा नव्हता. मी ओट्यावर बसले होते आणि साखळी वाजली. तिथे कोणी होतं असं मी म्हणणार नाही. जुनं लाकूड आहे, दिवसभर तापतं, संध्याकाळी आवाज करतं. मी उठले, तांब्या भरला, आणि तो फळीवर ठेवायला म्हणून गेले ती तांब्या मांडीवर घेऊन स्वतःच बसले. दिलीपची बायको दारातून म्हणाली, "आत्या, मध्ये बसा ना, फळी कलतेय."

मी मध्ये बसले नाही.