रिकामा कप्पा

आमच्या ह्यांना मशीनवरचे सगळे मुंगळा म्हणतात. एकदा चिकटले की सुटायचं नाव नाही. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवणाऱ्याच्या तोंडात साखर पडो. इतक्या वर्षांच्या संसारात मलाही याहून नेमका शब्द सुचलेला नाही.

कामही तसलंच चिकाटीचं. डोंगरात लोखंडाचं खनिज आहे का, असलं तर किती खोल, हे खाण निघायच्या कितीतरी आधी बघावं लागतं. त्यासाठी भोकं पाडायची. मशीन एक पोकळ नळी फिरवत फिरवत जमिनीत नेतं. नळीत दगडाच्या कांड्या अडकून येतात, त्या लांबट पेटीच्या कप्प्यांत ओळीने मांडायच्या. डोंगर आत जसा आहे तसा पेटीत दिसला पाहिजे. जिथलं काहीच वर आलं नाही, तिथे तेवढ्या लांबीचा लाकडी ठोकळा ठेवून द्यायचा.

यंदा ह्यांना शहरातल्या डेपोत फोरमनची जागा मिळायची होती. म्हणजे रोज संध्याकाळी माणूस घरी! मी तर सामान आवरायला डोंगराखालच्या त्यांच्या खोलीवर जाऊन थडकलेच. एक खाट, एक स्टोव्ह, दारामागे चिखलाचे बूट, आणि उशीच्या अभ्र्यापासून चहाच्या गाळणीपर्यंत सगळीकडे लाल धूळ. मी ट्रंक उघडली तर हे म्हणतात, "एवढ्यात नको भरू. एक भोक राहिलंय."

"अहो, मॅडम तर म्हणाल्या सगळी झाली."

"झाली. पण शेवटचं मी बिघडवलंय."

मॅडम म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञ, आमच्या लेकीच्या वयाची मुलगी. शेवटच्या भोकात मधल्या एका टप्प्यातून काहीच वर आलं नव्हतं. तिथे ठोकळा ठेवला, त्यावर 'पोकळी' लिहिलं, आणि डोंगर आतून पोकळ म्हणून कंपनी गाशा गुंडाळायला लागली.

"पोकळ नाहीये तो," हे म्हणाले. "भोकातून परत येणारं पाणी काळं झालं होतं, मी डोळ्यांनी बघितलं. आत भुसभुशीत खनिज लागलं होतं. तिथे पाण्याचा जोर कमी करायचा असतो. मी केला नाही. सगळं धुऊन गेलं."

"मग गप्प बसा ना! तुमच्या बापाचा आहे का डोंगर? खनिज निघालं तर चूक तुमची ठरेल, फोरमनची जागा जाईल. नाही निघालं तर वेड्यात काढतील."

"पेटीत खोटं मांडलंय मी," एवढंच म्हणाले आणि बूट घालून निघाले. मी कपाळावर हात मारून घेतला.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मलाही तो कप्पा खटकत होता. पण तुम्ही कधी चुकत नाही, म्हणून मी विचारलं नाही." त्यांनी वरच्यांशी भांडून एका भोकाची परवानगी मिळवली, जुन्या भोकाच्या अगदी शेजारी.

मीही चढून गेले वर, ह्यांना हाताला धरून खाली आणायच्या इराद्याने. पण हे बघायलाच तयार नाहीत माझ्याकडे. पंपाचं पाणी नळी तापणार नाही इतपतच सोडलेलं. वीतभर खाली जायचं, थांबायचं, नळीला जोडलेले सगळे रॉड वर काढायचे, नळी मोकळी करायची, पुन्हा सगळे खाली घालायचे. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मशीनवरचा जोडीदार वैतागून म्हणाला, "मुंगळ्या, अशाने आपण इथेच म्हातारे होऊ रे!" ह्यांनी 'हं' केलं आणि पुन्हा रॉडला हात घातला.

मी मनात एकच घोकत होते, काही निघू नये. खरं तेच सांगते. निघू नये, आणि आम्ही आपलं घरी जावं.

निघालं! मॅडमनी नळीखाली प्लास्टिक धरलं होतं, त्यावर निळसर काळी ओली भुकटी पडली. मूठभर घेतली तर हात खाली जावा इतकी जड. एक कप्पा भरला, दुसरा भरला. मॅडम तर उड्याच मारायला लागल्या. हे मात्र म्हणाले, "जुन्या ठोकळ्यावरचं 'पोकळी' खोडा आधी. 'ऑपरेटरने पाण्याने घालवलं' असं लिहा."

मोठ्या साहेबांचा फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर लावला.

"सापडलं ते झकास," साहेब म्हणाले. "पण काय रे, नवशिकासुद्धा असं पाणी सोडत नाही. तुला काय धाड भरली होती?"

मी पंपाकडे बोट दाखवून खुणा करत होते, पंपावर ढकला म्हणून. ह्यांनी मान खाली घातली.

"घरी जायची घाई झाली होती, साहेब."

मग साहेब म्हणाले, "डेपोचं विसर आता. इथे अजून बरीच भोकं पाडायचीत. तूच पाड."

ते भोक बिघडलं त्या आठवड्यात रोज फोन करून 'आटपा, लवकर आटपा' म्हणून ह्यांचं डोकं कोणी खाल्लं होतं? मीच. ह्यांनी ते तेव्हाही काढलं नाही, नंतरही नाही. ते माझ्याकडे वळले. भांडायचं सगळं माझ्या जिभेवर तयार होतं, पण रडूच फुटलं मला.

"जागा गेली," ते म्हणाले.

"गेली तर गेली," मी म्हटलं. "पुढचं भोक कुठे पाडायचं ते बघा. आणि सावकाश पाडा. मी थांबते."